दिवसभर खोलीत एकटं राहणारं मांजराचं पिल्लू: रडणं, पलंगावर शू आणि रात्रीचा धिंगाणा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. शुक्रवारी संध्याकाळी पिल्लू घरी आलं, शनिवार-रविवार दृष्ट लागावी इतके छान गेले. सोमवारी दोघंही कामावर गेले आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं, "अहो, दिवसभर रडत होतं हो ते." आत जाऊन पाहावं तर पलंगावर शू, खाणं तसंच पडलेलं, आणि रात्री अकरानंतर पडद्यांवर चढाई. मग लोक खेळणी आणतात, मऊ गादी आणतात, रेडिओ चालू ठेवून जातात. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

अशी पिल्लं दत्तक जाईपर्यंत माझ्याकडे राहतात, त्यामुळे हे फोन मला वर्षभर येतात. माझा पहिला प्रश्न एकच असतो: तुम्ही दाराला कुलूप लावता तिथपासून उघडता तिथपर्यंत किती तास जातात? ठाण्याहून अंधेरीला किंवा कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याची आठ तासांची नोकरी पिल्लासाठी दहा-अकरा तासांची होते. दोन महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ सलग एकटं काढता येत नाही, मग खोली कितीही सजवा. म्हणून आधी वय बघायचं, मग तास, मग खोली आणि सगळ्यात शेवटी वागणं. लोक नेमकी वागण्यापासून सुरुवात करतात, आणि त्यामुळे तक्रार परत परत येते.

खरं वय किती?

देणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणतो तेव्हा ते पाच आठवड्यांचंही असू शकतं. उजेडात बसून त्याचं तोंड हळूच उघडून बघा. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतात, सुळे त्यांच्या पाठोपाठ, आणि मागच्या दाढा साधारण चौथ्या आठवड्यानंतर फुटू लागतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २६ दात पूर्ण आलेले असतात. मागची हिरडी नुसतीच गुळगुळीत लागत असेल तर ते पिल्लू दोन महिन्यांचं नाही, कुणी काहीही सांगो. डोळ्यांचा रंगही बघा. सहा-सात आठवड्यांपर्यंत पिल्लांचे डोळे निळसर असतात, मग हळूहळू हिरवे किंवा पिवळट होतात. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करता येतं: जन्मताना १०० ग्रॅमच्या आसपास, चार-पाच आठवड्यांना साधारण ४५०, दोन महिन्यांना ८०० ते ९००. गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली सापडलेली पिल्लं उपासमारीने हलकी भरतात, म्हणून वजनापेक्षा दातांवर विश्वास ठेवा.

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू एकटं ठेवून कामावर जाता येत नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध लागतं, अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, आणि साधारण तीन आठवड्यांपर्यंत शू-शीसुद्धा आपोआप होत नाही. आई चाटून ती करवते, आपल्याला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करवावी लागते. ते टोपलीत घालून बरोबर न्या, नाहीतर दिवसभर घरी असणारं माणूस आजच शोधा.

पुढचा हिशेब ढोबळ आहे, पण मी त्यावरच चालते. दोन महिन्यांपर्यंत सलग दोन-तीन तास. दोन ते चार महिने, जास्तीत जास्त चार तास. चार ते सहा महिने, पाच-सहा तास. सहा महिन्यांनंतर, घर सुरक्षित असेल आणि पिल्लू धडधाकट असेल तर कामाचा पूर्ण दिवस. म्हणजे अडचणीचा काळ तीन-चार महिन्यांचाच असतो. पण त्या काळात जी भीती बसते किंवा जी सवय लागते, ती नंतर काढायला फार वेळ जातो.

दुपारची फेरी

सर्वात जास्त फरक पडतो तो यानेच, आणि लोक सर्वात शेवटी याचा विचार करतात. दुपारी बारा-एकच्या सुमाराला कुणीतरी अर्धा तास येऊन जायला हवं. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी साडेआठला येत असतील तर त्यांना विचारा, दुपारी एक चक्कर जमेल का, आणि त्याचे वेगळे पैसे द्या. शेजारच्या काकू रडण्याची तक्रार घेऊन आल्या असतील तर त्यांच्याकडेच किल्ली ठेवता येते का बघा. तक्रार करणारी माणसं पिल्लाचा आवाज मनावर घेणारी असतात, आणि एकदा ते मांडीवर झोपलं की तीच चौकशीला येतात. सोसायटीतला कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी हाही चांगला पर्याय आहे. दोघांपैकी एकाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येत असेल तर ते दिवस लागोपाठ घेऊ नका, सोमवार आणि गुरुवार असे विभागून घ्या.

येणाऱ्या माणसासाठी फ्रिजवर कागद लावून ठेवा: किती चमचे खाणं, लिटरमधली (शी-शूच्या ट्रेमध्ये पसरायच्या मातीसारख्या भरावातली) शी काढली का, पिल्लू समोर आलं का. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पलंगाच्या बॉक्समध्ये किंवा कपाटामागे अडकलेलं पिल्लू "झोपलं असेल" असं समजून माणसं निघून जातात. पिल्लू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दार ओढायचं नाही, असं मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरा उपाय म्हणजे दोन पिल्लं. ऐकून माणसं दचकतात, पण एकाच आईची दोन पिल्लं असतील तर दिवसाचा प्रश्न जवळजवळ संपतो. ती एकमेकांशी कुस्ती खेळतात, एकमेकांना चाटतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. चावताना किती जोर लावायचा हेही ती एकमेकांकडून शिकतात, एकटं पिल्लू ते तुमच्या मनगटावर शिकतं. खर्च मात्र दुप्पट येतो: खाणं, लस, जंताचं औषध, नसबंदीची शस्त्रक्रिया. भाऊ-बहीण असतील तर शस्त्रक्रिया लांबवू नका, कारण मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. दुसरं पिल्लू वेगळ्या ठिकाणाहून आणलं तर निदान दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा आजार आहे आणि त्याचा विषाणू घरातल्या वस्तूंवर वर्षभरही टिकतो. तिहेरी लस (यासह तीन आजारांवरची एकच) सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात, आणि रेबीजची साधारण बाराव्या आठवड्यात.

खोली

बाल्कनी नको. कठड्यावरून पडण्याची भीती आहेच, शिवाय कावळे आणि घारी एवढंसं पिल्लू उचलायला बघतात, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची फरशी पाय भाजेल इतकी तापते. बाथरूमही नको. ठेवावंच लागलं तर पाण्याने भरलेली एकही बादली, टब किंवा टीप उघडी ठेवू नका. आपल्याकडे पाणी भरून ठेवायची सवय घरोघरी आहे, आणि बादलीत पडलेल्या पिल्लाला गुळगुळीत प्लॅस्टिकवर नख रोवता येत नाही. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, कमोडचं झाकण पाडा. हे पिल्लू बेडरूममध्ये असतानाही करा, दार उघडं राहू शकतं.

बेडरूम उत्तम, पण पश्चिमेकडची नको, तिथे दुपारनंतर उकाडा साचतो. छताचा पंखा हळू चालू ठेवा, टेबलफॅन नको.

खिडकीबद्दल मी हट्टी आहे. मांजराचं गळ्याचं हाड सांध्याने जोडलेलं नसतं, त्यामुळे जिथून डोकं जातं तिथून सगळं अंग जातं. सरकत्या खिडकीची दोन बोटांची फट पिल्लाला पुरते. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं, हा समज पोसू नका. १९८४ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये अवघ्या पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली होती. बहुतेक वाचली, पण छातीला, जबड्याला आणि पायांना जबर मार लागूनच. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी दात येणारं पिल्लू कुरतडतं. तारेची जाळी लावा, आणि ती लागेपर्यंत खिडकी बंद करून कडी घाला.

बाकीच्या गोष्टी गुडघ्यांवर बसून बघितल्या की दिसतात. चार्जर प्लगमधून काढा. शिवणाचा दोरा, सुई, रबर, केसांचं इलॅस्टिक, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीनंतर उरलेला मांजा हे सगळं कपाटात कुलपात. मांजराची जीभ काटेरी असल्यामुळे दोरा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, तो गिळला जातो आणि आतडं चुण्या पडून कापलं जातं. डांबराच्या गोळ्या, झुरळांची पावडर, मच्छर कॉइल त्या खोलीत नको. लिलीची फुलं घरातच नकोत, तिच्या परागांनीही मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. पलंगाच्या बॉक्सची फळी नीट बसवा आणि कपाटामागची फट उशीने बुजवा. पावसाळ्यात वाऱ्याने दार आपटतं, त्याला आतून-बाहेरून अडसर लावा. पिल्लू दाराच्या फटीतच पंजे घालून बसलेलं असतं.

खाजवायला महागडा खांब लागत नाही. काथ्याचं जाड पायपुसणं भिंतीला टेकवून पक्कं बसवा, किंवा स्टुलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळून तिची टोकं चिकटवून टाका.

"दिवसभर रडतं"

खरंच दिवसभर का, हे आधी तपासा. जुना मोबाईल चार्जिंगला लावून कपाटावर ठेवा आणि नुसता आवाज रेकॉर्ड करा. कुलूप लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं ओरडून पिल्लू झोपी जात असेल तर ते सवयीने कमी होतं. मधे झोपून दर दोन-तीन तासांनी ओरडत असेल तर बहुधा भूक आहे. न थांबता, एकाच जागेवरून, घसा बसेपर्यंत ओरडत असेल तर ते अडकलं आहे, त्याला थंडी वाजते आहे किंवा कुठेतरी दुखतं आहे.

नुसतं एकटेपणाचं रडणंही खोटं नसतं. मांजराला जागेची ओढ असते, माणसाची नसते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. २०१९ साली ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं आणि पुन्हा दोन मिनिटं त्याच माणसाबरोबर ठेवलं. साधारण ६४ टक्के पिल्लं माणूस परतल्यावर शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. माणूस जवळ असणं त्यांना आधाराचं वाटतं.

म्हणून सोमवारचा धक्का शनिवारीच कमी करायचा. पिल्लू आलं त्याच दिवसापासून दार लावून पाच मिनिटं बाहेर जा, मग पंधरा, मग खाली जाऊन भाजी घेऊन या. दोन दिवस अखंड मांडीवर आणि तिसऱ्या दिवशी दहा तास कुलूप, हे कुठल्याही पिल्लाला झेपत नाही. नवीन पिल्लासाठी सुट्टी घेणार असाल तर सलग न घेता पहिल्या आठवड्यात अर्धे दिवस घ्या. निघताना लांबलचक निरोप नको. परत आल्यावर ओरडणं क्षणभर थांबलं की दार उघडा. पण हे दोन महिन्यांवरच्या, पोट भरलेल्या पिल्लासाठीच. त्याहून लहान पिल्लू गरजेशिवाय ओरडत नाही, त्याला थांबायला लावू नका.

तुमचा न धुतलेला सुती टी-शर्ट त्याच्या झोपायच्या खोक्यात घाला. पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा भर पावसात कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येईल.

खाणं उरतं, किंवा पोट बिघडतं

दूध-पोळी हे मांजराच्या पिल्लाचं जेवण नाही. आईचं दूध सुटल्यावर गाई-म्हशीच्या दुधातली साखर बहुतेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. पोळीने पोट फुगतं, पण लागतं ते मिळत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळवावं लागतं. त्याच्या कमतरतेने मांजराचं हृदय निकामी होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. घरात मांसाहार चालत नसेल तर पिल्लांसाठीचं पाकिटातलं खाणं आणा. तेही चालणार नसेल तर मांजर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं. ओलं खाणं सकाळी निघताना समोर बसून खाऊ घाला आणि उरलेलं उचला, आपल्या हवेत ते तासा-दोन तासांत आंबतं. दिवसभरासाठी कोरडे दाणे ठेवा, दुपारी येणारा माणूस पुन्हा ओलं देईल. पाणी जड, पसरट, कलंडणार नाही अशा भांड्यात आणि दोन ठिकाणी ठेवा.

पलंगावर शू

हा राग किंवा सूड नसतो. लिटरचा ट्रे लांब असतो, त्याची कड उंच असते, तो घाणेरडा झालेला असतो, किंवा पिल्लू घाबरलेलं असतं आणि तुमच्या वासाची जागा शोधतं. दोन-तीन इंच कडेचा पसरट ट्रे घ्या, खाण्यापासून लांब कोपऱ्यात ठेवा, शक्य असेल तर दोन ठेवा. ओलं झालं की गोळा होणारी लिटर चार महिन्यांपर्यंत नको, लहान पिल्लं ती खातात आणि पोटात तिचा गोळा होतो. लाकडाच्या गोळ्यांची किंवा कागदाची लिटर चालते. बांधकामावरची वाळू आणू नका, तिच्यात रस्त्यावरच्या मांजरांची घाण आणि जंत असतात. तोपर्यंत गादीवर जाड प्लॅस्टिक अंथरा.

शू पुसायला फिनाईल वापरू नका, काळं नाही आणि पांढरंही नाही. मांजराच्या यकृतात अशी द्रव्यं मोडणारं वितंचक (एन्झाइम) फार कमी असतं. फरशी पुसल्यावर पिल्लू पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं तेही याच कारणाने, एक गोळीसुद्धा. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुऊन उन्हात वाळवा. एन्झाइमचं क्लीनर मिळालं तर उत्तम. वास राहिला की पिल्लू त्याच जागी परत जातं.

शू थेंबथेंब होत असेल, करताना ओरडत असेल किंवा रक्त दिसत असेल तर ट्रे बदलत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

रात्रीचा धिंगाणा

पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. घर रिकामं असताना त्याने सगळी झोप काढली, तर तुमच्या झोपायच्या वेळी ते ताजंतवानं असणारच. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारं जनावर आहे. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे, तोच वापरायचा. सकाळी निघण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी पळवून दमवा, शेवटी ती पकडू द्या, मग लगेच खायला द्या. अंग चाटून ते झोपतं, आणि तुम्ही निघता तेव्हा ते जागंही नसतं. संध्याकाळी आल्यावर हेच, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा. दोरीचं खेळणं प्रत्येक वेळी कपाटात ठेवा. हाताने खेळू नका, आज गोड वाटणारा चावा पाच महिन्यांनी रक्त काढतो. पहाटे चारला ओरडलं म्हणून उठून खाऊ घातलंत, तर उद्या ते साडेतीनला उठवेल.

यात थांबायचं नाही

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू बारा तास काहीच खात नसेल, अंग थंड किंवा लुळं लागत असेल, उलट्या आणि जुलाब एकदम होत असतील, तर ऑफिसला निघू नका. इतक्या लहान जिवाची रक्तातली साखर झपाट्याने उतरते. कोमट कापडात गुंडाळा, शुद्धीत असेल तर मध किंवा साखरपाणी बोटाने हिरडीला लावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. संध्याकाळपर्यंत वाट पाहण्यात पिल्लू जातं.

हे काहीच जमणार नसेल तर

दुपारी कुणी येऊ शकत नाही, दोन पिल्लांचा खर्च झेपत नाही, घरून काम करायची सोय नाही, अशी घरं आहेत आणि त्यांत वाईट काही नाही. त्यांनी दीड-दोन वर्षांचं, शस्त्रक्रिया झालेलं मांजर आणावं. त्याला आठ-नऊ तास एकटं राहणं जमतं, त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, आणि पिल्लांच्या मागे धावणाऱ्या माणसांमुळे अशी मांजरं सांभाळणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं पडून असतात. पिल्लू आधीच आणलं असेल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना पहिल्या दोन आठवड्यांतच फोन करा. त्या वयात त्याला दुसरं घर चटकन मिळतं, सहा महिन्यांनी मिळत नाही. परत देताना लसीचं कार्ड, जंताचं औषध कधी दिलं ती तारीख, त्याच्या सवयीची लिटर आणि खाण्याचं उघडलेलं पाकीट बरोबर द्या, म्हणजे नव्या घरात त्याचं पोट बिघडणार नाही.